अंडरलेखालची वस्तू

मी फ्लोअरिंगच्या दुकानात काम करते. फ्लोअरिंग म्हणजे जमीनच, पण दुकानात तिला कुणी जमीन म्हणत नाही. माझ्याकडे त्या जमिनीच्या खालचं खातं आहे. लाकडी फळ्यांच्या खाली जो पांढरा फोम जातो, फोमच्या खाली जो प्लास्टिकचा कागद जातो आणि पत्र्याच्या छपराखाली जी फुग्याफुग्यांची चंदेरी शीट जाते, ते सगळं. या सगळ्याला मिळून अंडरले म्हणतात. मराठीत अस्तर म्हणता येईल. मी सुरुवातीला म्हणायचे. गिऱ्हाईक बायका ब्लाउजचा विचार करायच्या आणि पुरुष काहीच विचार करायचे नाहीत, म्हणून सोडून दिलं.

अंडरले विकणं अवघड आहे. गिऱ्हाईक फळीचा रंग निवडायला दोन तास घेतं, नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावतं, फळी उन्हात नेऊन बघतं. मग मी फोमचे तुकडे काढते.

"हे खाली जाणार?"

"हो."

"दिसणार नाही?"

"नाही."

"मग साधंच घाला."

मग मी सांगते. फोम नसला तर फळी सिमेंटवर वाजते आणि तुम्ही किती वेळा फ्रिज उघडलात ते खालच्या मजल्यावर कळतं. प्लास्टिक नसलं तर तळमजल्याची ओल फळीत चढते आणि फळी फुगते. छपराखाली शीट नसली तर मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही. हे शेवटचं मला कुठल्या माहितीपत्रकातून कळलेलं नाही.

आमचं घर आपटा गावाच्या पुढे, डोंगराच्या कडेच्या वाडीत. भिंती कुडाच्या, वर कौलं, आणि कौलांखाली फ्लेक्सचा बॅनर. आमच्याकडे अजूनही कौलांखाली बॅनरच घालतात. कौल फुटलं तरी पाणी बॅनरवरून घरंगळत भिंतीबाहेर जातं. आमच्या वाट्याला एका भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर आला होता. तो उलटा लावता आला असता, पण बापाला छापलेली बाजू खाली बरी वाटली. भाऊ हात जोडून आमच्याकडे बघत असायचे. मी दहावीचा अभ्यास त्यांच्याखाली केला. त्यांना कधी भेटले नाही. खालच्या ओळीतल्या शुभेच्छुकांची नावं मला अजून पाठ आहेत, कारण पाठ करायला कंटाळा आला की मी वर बघायचे.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. वाडीतून पदवी घेतलेली मी पहिली. हे मी आपणहून सांगते, कारण कुणी विचारत नाही. डिग्रीचा कागद घरी आणला तेव्हा मला वाटलं होतं फ्रेम करून लावू. आईने तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. वर नाही. साड्या बाहेर काढल्या, तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र उचललं आणि त्याच्याही खाली ठेवला.

दोन वर्षं मी काउंटरला होते. मग शेठनी मला साइट सुपरवायझर केलं, पण कच्ची. म्हणाले, "तीन महिने बघू. तुझ्या सहीच्या साइटवरून एक जरी तक्रार आली, तर परत काउंटर."

सुपरवायझरचं काम असं. जिथे फ्लोअरिंग घालायचं ती जमीन आधी बघायची. दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी ठेवायची. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, ओल नको, पोकळ आवाज नको. सगळं बरोबर असलं की 'साइट तयार' असं छापलेल्या फॉर्मवर सही करायची. ती सही झाल्याशिवाय फोमचा गुंडाळा उलगडायचा नाही, मग फिटर कितीही जुना असो.

आमच्या घरात आजवर जे काही सही म्हणून झालं ते हजेरीच्या वहीत, आणि तेही अंगठ्याने. तो अंगठा उठला की दिवस संपायचा. माझी सही झाली की काम सुरू व्हायचं. मला ही जागा हवी होती. किती हवी होती ते मी शेठना सांगितलं नाही, आईला सांगितलं. चूक तिथूनच सुरू झाली असं म्हणता येईल.

आईने आयुष्यभर एकच कसबाचं काम केलं, कोबा. बाकीचं सगळं वीटभट्टीवरचं आणि शेतावरचं, ते ती काम धरत नाही. गच्चीच्या फरशीखाली कोबा असतो. स्लॅबवर विटांचे तुकडे एकेक करून उभे लावायचे, मधल्या जागेत सिमेंटचा माल भरायचा, वरून थापीने गुळगुळीत करायचं आणि पाणी नळीकडे जाईल एवढा उतार ठेवायचा. नव्या पनवेलातल्या कितीतरी गच्च्यांवर ती उकिडवी बसून विटा लावत होती. आम्ही दोघी आता खांदा कॉलनीत भाड्याने राहतो. आमच्या इमारतीचा कोबा तिने केलेला नाही. गच्ची गळते. ही दोन वाक्यं ती दर पावसाळ्यात याच क्रमाने बोलते.

चाचा तिला त्या दिवसांपासून ओळखतात. चाचा म्हणजे आमच्या दुकानाचे सगळ्यात जुने फिटर, पनवेलचेच. तेव्हा ते गवंड्याच्या हाताखाली होते. नंतर लाकडी फ्लोअरिंग शिकले. माणूस असा की फळी कापायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतात आणि कापल्यावर परत मोजतात.

खारघरचं काम मला सुपरवायझर झाल्यावर मिळालेलं पहिलं. बेलपाड्याच्या मागे टॉवर, अकरावा मजला. घर एका मॅडमचं, त्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी बाल्कनी हॉलमध्ये घेतली होती. आता सगळे घेतात. मधला ग्रॅनाइटचा उंबरा काढला की तिथे दोन इंच खोल चर राहतो, तो मालाने भरून बाजूच्या फरशीला सपाट करून घ्यावा लागतो. चाचा तेच करत होते. मी दुपारी पोचले तेव्हा चर नुकता भरला होता आणि हॉलमध्ये आई झाडू घेऊन उभी होती.

साफसफाईची रोजची बाई आली नव्हती. चाचांनी परस्पर आईला फोन केला होता.

आता आमच्या फॉर्मवर एक छापील ओळ आहे: कामावरच्या माणसाचा नातेवाईक साइटवर असू नये. एका फिटरने कधीकाळी मेहुण्याला आणलं होतं, दोघांचं भांडण झालं आणि गिऱ्हाइकाच्या कपाटाची काच फुटली. तेव्हापासून ओळ आहे.

मी हळूच म्हटलं, "आये, तू इथं?"

"मी नाय हाय," आई म्हणाली. "तू तुजं काम कर."

मी माझं काम केलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी चाचांकडे बघितलं नाही. मॅडमनी आईला स्वयंपाकाच्या ओट्यावर सिमेंटचे डाग पडलेत तेही काढायला सांगितलं, तिने काढले. संध्याकाळी आम्ही दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेलो.

चार दिवसांनी माल वाळल्यावर मी पट्टी घेऊन गेले. सगळा हॉल बघितला. खरं सांगायचं तर सगळ्यात सपाट जागा त्या चराचीच होती. मी सही केली. चाचांनी प्लास्टिक घातलं, फोम घातला, फळ्या बसवल्या, भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची पट्टी मारली. मॅडमनी फोटो काढले. मी सहीचा फॉर्म घरी आणून आईला दाखवला. तिने बोट लावून विचारलं, "ही तुजी?" मी हो म्हटलं. ती पोळपाटाकडे वळली.

दीड महिन्याने तक्रार आली.

"इथे," मॅडम म्हणाल्या. "ऐका." त्यांनी पाय टाकला. टक. पाय उचलला. टक. "मी फोनवर बोलताना इथेच फेऱ्या मारते. परवा आमच्या वरच्या साहेबांनी विचारलं, घरी सुतार आलाय का."

चाचांनी फळ्यांच्या जोडात पावडर सोडली. अंगाला लावायची साधी पावडर. फळीवर फळी घासून आवाज येत असेल तर तो पावडरीने जातो. हॉलला तान्ह्या बाळाचा वास सुटला. टकटक राहिली.

मग चाचा पालथे झोपले, कान लावला आणि मला म्हणाले, "तूच पाय दे, बेटा." मी पाय दिला. ते बराच वेळ तसेच पडून राहिले.

"फोम के नीचे है," ते म्हणाले. "माल सुटलाय."

दुकानात शेठनी माझा फॉर्म फाइलमधून काढून समोर ठेवला होता. "सही तुझी," ते म्हणाले. "शनिवारी उघडा. कारण लिहून आण. माल कच्चा होता असं निघालं तर चाचांना आपण पुन्हा बोलवायचं नाही. आणि तू काउंटरला. काउंटरही वाईट नाही, पंखा आहे."

शनिवारी आम्ही उघडलं. स्कर्टिंग काढलं, फळ्यांवर पेन्सिलीने नंबर टाकत त्या एकेक करून उचलल्या, फोम गुंडाळला, प्लास्टिक दुमडलं. मॅडम सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. चराच्या मधोमध तळहाताएवढी खपली सुटी झाली होती. मी ती उचलली.

खाली अंड्याएवढा खळगा होता. खळग्यात एक सुपारी, एक रुपया, काळं पडलेलं हळकुंड आणि चार-पाच तांदूळ.

मी सुपारीकडे बघत होते. एका बाजूने जरा चपटी. आमच्या वाडीतल्या घरामागे एक पोफळ आहे. जमीन आमची नाही, पोफळ आमची आहे. तिला असल्याच सुपाऱ्या लागतात.

कारण मला तिथेच कळलं. ओली वस्तू वाळली की आकसते. ती मालात दाबली तेव्हा ओली होती, माल तिच्याभोवती घट्ट बसला. महिनाभरात ती वाळून लहान झाली, भोवती पोकळी राहिली, वरच्या पातळ थराला आधार राहिला नाही, आणि मॅडम फोनवर फेऱ्या मारत राहिल्या. याला फिजिक्सची पदवी लागत नाही, पण असली तर लवकर कळतं. सुकी सुपारी घातली असती तर ती इमारत पाडेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"पुराना होगा, मॅडम," चाचा लगेच म्हणाले. "बिल्डरच्या टाइमचं. त्यांचे लोक ठेवतात." आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांनी दार उघडून दिलं होतं. कारण: बांधकामाच्या वेळची वस्तू. माझी सही वाचत होती, चाचांचं काम वाचत होतं आणि आई तर तिथे नव्हतीच. रुपया मात्र नवा कोरा होता. तो मी सालाची बाजू खाली जाईल असा बोटाने पालथा केला आणि सुपारी उचलायला हात घातला.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "काढू नका."

मी हात मागे घेतला.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," त्या म्हणाल्या.

"बरं."

"पण काढू नका. जमीन घातल्यावर माझं प्रमोशन झालं. म्हणजे त्याचा काही संबंध नाही."

"नाही," मी म्हटलं. "पण मॅडम, ती राहिली तर टकटक राहणार."

"टकटक नकोय मला."

"मग काढावी लागेल."

त्यांनी विचार केला. बँकेत कर्जाच्या फाइलवर करत असतील तसा केला असावा. "ज्याने ठेवली त्याने काढावी. आमच्याकडे असंच असतं. दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"ज्याने ठेवली तो बिल्डरचा माणूस," मी चाचांना म्हटलं. "तो कुठे भेटेल, चाचा?"

चाचा फोमच्या गुंडाळ्यावर बसले. "अब क्या मालूम," ते म्हणाले.

मॅडमचा हॉल उघडा पडला होता. सोफा भिंतीला, टीव्ही चादरीखाली. बिल्डरचा माणूस शोधत बसलो असतो तर तो तसाच राहिला असता, कारण तो माणूस नव्हताच. मी दुसरंही एक गणित केलं. माल खराब म्हणून लिहिलं तर चाचा जातात, आणि माल खराब नव्हता. मला काउंटरला बसायचं नव्हतं. पण चाचांच्या जागेवर पाय ठेवून सुपरवायझर राहायचं हेही काही जमण्यासारखं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "ती माझ्या आईने ठेवली आहे."

"तुमच्या आईने? माझ्या घरात?"

"हो. त्या दिवशी साफसफाईला बाई होत्या ना. त्या."

मॅडमनी पाय खाली घेतले. "ओट्यावरचे डाग काढले त्या?"

"हो."

"तेव्हा तुम्ही दोघी एकमेकींशी बोललासुद्धा नाहीत."

"नियम आहे," मी म्हटलं.

"या अल्लाह," चाचा स्वतःशीच म्हणाले.

मी बाल्कनीच्या काचेपाशी जाऊन आईला फोन लावला. एवढंच म्हटलं, "आये, खारघरचं उघडं पडलंय."

"कितीसं?"

"हाताएवढं."

"माल भिजवून ठेव. पातळ नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कुठलं, काय, कसं, काही विचारलं नाही.

ती आली तेव्हा लग्नाला नेसते ती साडी नेसून आली होती, आणि हातात पिशवी. पिशवीत थापी. मॅडम उठून उभ्या राहिल्या. आईने त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि सरळ चरापाशी उकिडवी बसली.

"सुकली," ती म्हणाली.

"ओली घातलीस कशाला?"

"ताजी व्हती. देवाचं काम, त्याला सुकी कशाला घालू?"

"वहिनी," चाचा म्हणाले, "सुकी घातली असतीत तर आज मी घरी जेवत असतो."

"तुमी गप ऱ्हा. माल तुमी पातळ केला व्हता."

"मी?"

"मी वरनं थापी फिरवली म्हून दीड महिना तरी टिकला. नायतर आठ दिसांत गेला असता."

चाचा मला म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये लिहू नकोस." चरावरची ती सपाटी कुणाच्या हातची होती ते मला तेव्हा कळलं. मी ज्यावर सही केली होती ते काम आईचं होतं.

मॅडम जरा पुढे आल्या. "पण तुम्ही ठेवलीत का? माझं काही चुकलं होतं का?"

"तुमचं काय नाय, बाय. तुमी उंबरा काडला. उंबऱ्याची जागा अशीच बुजवायची का? खाली काय तरी नको?" आईने थापीच्या टोकाने चराची कड साफ केली. "आमी कोब्यात बी घालायचो. चारी कोपऱ्यांत. मालकाला सांगत नसतात. सांगितलं की ते इचारत बसतात."

"मला तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

"नाही."

"मंग."

तिने चराची दुसरी कडही साफ केली. मग ती मान वर न करता मॅडमना म्हणाली, "आन खरं इचाराल तर आख्खी काय तुमची नाय ती. निम्मी तुमच्या उंबऱ्याची. निम्मी हिच्या सहीची. पयली सही व्हती हिची."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खपलीकडे बघितलं. खपलीची जाडी जेमतेम पाच मिलिमीटर होती. कोब्यात एवढं चालतं. तिथे विटा असतात, वर फरशी असते, आणि गच्चीवर फोन घेऊन कुणी फेऱ्या मारत नाही. आठ मिलिमीटरची फळी मात्र खाली जे काही असेल ते सगळं वर सांगते.

"म्हणजे निम्मी माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

"निम्मी तुमची."

"मग ती द्या मला. देव्हाऱ्यात ठेवते."

घरात अडकित्ता नव्हता. वाळलेली सुपारी सुरीने कापली जात नाही. चाचांनी फळ्या कापायची बारीक दातांची करवत काढली, सुपारी दोन फळ्यांच्या तुकड्यांत धरली, सवयीने बिस्मिल्ला म्हणाले आणि मधोमध कापली. मग सवयीनेच दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवून मोजल्या. मॅडमनी एक देव्हाऱ्यात ठेवली. दुसरी आईने पदराला बांधली. रुपया मॅडमनी घेतला नाही, आईने घेतला नाही. चाचा म्हणाले, त्यांना काही अडचण नाही.

आईने खळगा खरवडला, पाणी मारलं, माल दाबून भरला आणि थापी अशी फिरवली की कड कुठे संपते ते दिसेना. मॅडमनी चहा केला, तो तिने तिथेच बसून घेतला. मग मॅडमनी विचारलं, काहीच न ठेवता बुजवलेलं चालेल का. आईने माझ्याकडे बघितलं. "हळदकुकू तरी चालंल का? का तेचा बी आवाज येतो?"

मॅडमनी करंडा आणून दिला. आईने ओल्या मालावर दोन बोटं टेकवली. मी त्यावर पट्टी ठेवून पाहिली, खाली प्रकाश येत नव्हता. चालत होतं.

चार दिवसांनी फोम आणि फळ्या परत बसल्या. मॅडमनी माझ्यासमोर दहा फेऱ्या मारल्या. आवाज गेला होता.

रिपोर्ट मी स्वच्छ अक्षरात लिहिला. शेठनी चष्मा लावून वाचला.

तक्रारीचं कारण: अंडरलेखाली बाहेरची वस्तू. वस्तू: सुपारी, ओली. मालाचा दर्जा: ठीक. वस्तू कोणी ठेवली: साफसफाईच्या बाई. कामावरच्या माणसाशी नातं असल्यास: सुपरवायझरची आई.

त्यांनी दुसऱ्यांदा वाचला. "हे नातं लिहायलाच हवं होतं का?"

"रकाना आहे, शेठ."

"बिल्डरच्या माणसांनी ठेवली असं लिहिलं असतंस तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मॅडम काढू देत नव्हत्या. ठेवणाराच लागत होता."

शेठनी पंख्याकडे बघितलं. "चाचांनी माल बरोबर घातला होता?"

"माल ठीक होता," मी म्हटलं. पातळपणाबद्दल रकाना नव्हता.

"तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे," शेठ म्हणाले. "आई साइटवर नको."

"बरं."

मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "तुझी आई कोबा करते ना? गोडाउनची गच्ची दोन वर्षं गळतेय."

"नियम आहे, शेठ."

"गोडाउन म्हणजे साइट नाही."

आईने तो कोबा आठ दिवसांत केला. गच्ची आता गळत नाही. चारी कोपऱ्यांत काय आहे ते मी विचारलेलं नाही, शेठनीही विचारलेलं नाही.

त्यानंतर मी माझ्या कामाची एक पद्धत पाडली. फोम उलगडायच्या आधी मी घरवाल्यांना विचारते, "खाली काही ठेवायचं आहे का?" बहुतेक लोक आधी हसतात. मग आत बघतात. मग म्हणतात, "एक मिनिट," आणि स्वयंपाकघरात जातात. डॉक्टर गेले आहेत, सॉफ्टवेअरवाले गेले आहेत, पनवेलमध्ये मला फिजिक्स शिकवलेले सर गेले आहेत. सर सुपारी घेऊन आले. मी त्यांना सांगितलं, सुपारी चालणार नाही, सुकीसुद्धा नाही, नाणंही नाही. हळदकुंकू चालेल. त्याची जाडी मी मोजून पाहिली आहे, भरत नाही. सर म्हणाले, "बरोबर आहे," आणि ते परत ठेवायला आत गेले.

शेठनी माझा तो प्रश्न फॉर्मवर छापून घेतला. नातेवाइकांच्या ओळीच्या खाली.

दुसरे तीन महिने तक्रारीशिवाय गेले आणि मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "सही कुनाची?" मी म्हटलं, शेठची. "तुजी नाय?" मी म्हटलं, खाली आहे, मिळाल्याची. तिने ती जागा बोटाने बघून घेतली. मग पेटी ओढली, साड्या काढल्या, वर्तमानपत्र उचललं. डिग्री होती तिथेच होती. तिच्या शेजारी चिंधीत बांधलेली अर्धी सुपारी होती.

पत्र तिने डिग्रीच्या खाली सरकवलं, वर वर्तमानपत्र अंथरलं आणि हाताने फिरवून बघितलं, कुठे उंचवटा लागतो का. सुपारीचा लागत होता. तिने सुपारी काढून कोपऱ्यात सरकवली आणि साड्या परत ठेवल्या.